जावयानं मागितलेली सकाळ

धोंड्याच्या महिन्यात जावयानं काय मागावं याला धरबंध नसतो, आणि सासऱ्यानं नाही म्हणायचं नसतं. तीन वर्षांनी एकदा येणारा अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, तबकात अनारशांचं वाण, वर तुपाचा दिवा ठेवून त्याच्या हाती द्यायचं, आणि मग म्हणायचं, "जावईबापू, मनात असेल ते मागा." कुणी अंगठी मागतं, कुणी घड्याळ. एकनाथरावांच्या चुलत्याला त्याच्या जावयानं भर पंगतीत दुभती म्हैस मागितली होती, आणि चुलत्यानं ती दाव्यासकट दिली होती.

अमेयनं एक सकाळ मागितली.

"म्हंजे?" एकनाथरावांनी विचारलं.

"उद्या रविवार आहे, अप्पा. माझ्याबरोबर पक्षी बघायला चला. आपण दोघंच."

"ह्या पावसात?"

"पावसातच मजा आहे."

एकनाथरावांच्या बायकोच्या, सुशीलाबाईंच्या, हातातला तुपाचा चमचा वाटीवरच थांबला. समोर बसलेली लेक, भाग्यलक्ष्मी, ताटातला धोंडा बोटानं उगाच कुस्करत राहिली. एकनाथरावांना वाटलं, पुण्याचं पोरगं चेष्टा करायलंय. हैदराबादच्या बेगम बाजारात हळद-धन्याचा ठोक व्यापार करता करता त्यांचे केस पिकले होते. पाखरांशी त्यांची ओळख दोनच जातींपुरती: पोत्याला चोच मारणारं कबूतर, आणि श्राद्धाच्या दिवशी ताटकळत ठेवणारा कावळा. पण रीत ती रीत.

"दिली," ते म्हणाले. "सकाळ तुमची."

खरं म्हणजे त्यांनी त्या जावयाला सकाळच काय, दुकानाची किल्लीसुद्धा दिली असती. पोरगं गुणी होतं. गच्चीबावलीत नोकरी, बोलणं मऊ, आणि भागूला कुठं ठेवू नि कुठं नको असं करायचं. पण महिन्यापूर्वी त्याच्या कंपनीनं त्याला जर्मनीला जाशील का म्हणून विचारलं होतं. तीन वर्षं, मग पुढं बघू. हे 'पुढं बघू' एकनाथरावांच्या काळजात मिरचीच्या बीसारखं जाऊन बसलं. बाजारातल्या कितीजणांची पोरं अशी तीन वर्षांसाठीच गेली होती. आता त्यांची नातवंडं फोनच्या काचेतून हात हलवत आणि आजोबांशी इंग्रजीत बोलत. आजोबा मान डोलवत.

आणि मग एकनाथरावांनी काय करावं? दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला पेढे वाटले! जावयाच्या बढतीला सासऱ्याचं तोंड गोड नसलं तर लोक काय म्हणतील? आणि लेकीला वाटेल, बापानंच वाटेत पाय घातला. म्हणून हसत हसत वाटले. मारवाड्याला दिले, किराणावाल्या पाशाभाईला दिले, हमालांना दोन दोन दिले. घरी आले आणि भाकरीचा तुकडा घशाखाली उतरला नाही.

त्यावरही कडी म्हणजे गेल्या मंगळवारी, विकाराबादकडं हळद बघायला जातो असं सांगून, ते चिलकूरला जाऊन आले. चिलकूरचा बालाजी हैदराबादेत कुणाला ठाऊक नाही? परदेशचा व्हिसा पाहिजे असला की लोक तिथं अकरा प्रदक्षिणा घालतात, आणि काम झालं की एकशे आठ घालून नवस फेडतात. पासपोर्ट छातीशी धरून भराभरा चालणाऱ्या पोरापोरींच्या गर्दीत एकनाथरावांनीही अकरा घातल्या आणि हात जोडून म्हणाले, "देवा, सगळे मागतात त्याच्या उलटं मागतो. ह्या दोघांचं तेवढं होऊ देऊ नको." मागून झालं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. लेकीचा बाप असून लेकीच्या सुखाआड नवस! पण बोलून गेलेला शब्द आणि सांडलेली हळद, दोन्ही गोळा होत नाहीत.

रविवारी उजाडता उजाडता सुशीलाबाई डब्यात अनारसे भरत होत्या. वाणातले उरलेले.

"आज गाडीत तुम्ही दोघंच असणार. बोला की त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"पोरीला लांब नेऊ नका म्हणून बोला. अजून काय बोलायचं असतंय?"

"जावयाकडं मागायचं नसतंय, सुशीला. त्यांनी मागायचं, आपण द्यायचं."

"मग बसा पेढे वाटत," सुशीलाबाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण असं दाबलं, की जणू त्याखाली नवराच होता.

एकनाथरावांनी डबा पिशवीत टाकला. त्यांची आई गावाकडं हळकुंडं कुटताना म्हणायची ती ओवी त्यांच्या अंगात मुरलेली होती:

लेकीच्या गं बापानं, हात कसा पसरावा
दिल्या घराच्या दारात, शब्दसुद्धा विसरावा

जावयासोबत जायचं म्हणून त्यांनी कांजी केलेला पांढराशुभ्र सदरा-लेंगा घातला होता, वर टोपी. अमेयनं बघितलं आणि डोकं खाजवलं.

"अप्पा, पांढऱ्यानं पक्षी बुजतात."

"मग काय घालू? हळदीचं पोतं?"

अमेयनं गाडीतून स्वतःचा हिरवा रेनकोट काढून त्यांच्या अंगावर चढवला. तो त्यांना गुडघ्याच्या खाली आला. भाग्या दारात चहाचा थर्मास घेऊन उभी होती. बापाचं ते ध्यान बघून तिचे ओठ हलले, पण हसू बाहेर आलं नाही. गेला महिनाभर ती अशीच होती, यायची, जेवायची, चार शब्द बोलायची, जायची. एकनाथराव मनाशी म्हणत, पोरीचं चित्त आता तिकडंच लागलंय.

"पाय घसरू देऊ नका अप्पा," एवढंच ती म्हणाली.

मलकपेठेतल्या घरून गाडी निघाली तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता. मेहदीपटणम मागं पडलं, लंगर हाउस मागं पडलं, घरं विरळ झाली आणि दोन्ही बाजूंना सीताफळीची झुडपं भिजून काळीहिरवी दिसायला लागली. अमेय वाटेत पक्ष्यांची नावं सांगत होता आणि एकनाथराव "हौ, हौ" करत होते. आणि मग गाडी चिलकूरच्या रस्त्याला वळली.

एकनाथराव सीटवर सरळ होऊन बसले. म्हणजे पाखरं-बिखरं सगळं निमित्त! पोरगं प्रदक्षिणा घालायला निघालंय. व्हिसासाठी सासऱ्याला सोबत आणलं, आशीर्वाद म्हणून. आता देवाची काय पंचाईत झाली असेल! मंगळवारी सासरा येऊन एक मागून गेलेला, रविवारी जावई येऊन दुसरं मागणार. आणि धोंड्याच्या महिन्यात तर जावयाचंच चालतं, देवालाही रीत मोडता यायची नाही.

"देवदर्शन करायचंय का?" त्यांनी घसा खाकरून विचारलं.

"येताना करू, तुम्हाला हवं असेल तर," अमेय म्हणाला. "देव थांबतो अप्पा, पक्षी थांबत नाहीत."

देवळाचा फाटा आला आणि मागं गेला. एकनाथरावांनी रेनकोटाच्या आत हळूच हात जोडले.

थोडं पुढं एक तळं होतं. आजूबाजूचे लोक त्याला तेलुगूत नुसतं चेरुवू, म्हणजे तळं, म्हणत. मोठं नव्हतं, पण कमळाच्या पानांनी निम्मं झाकलेलं, काठाला शिंदीची झाडं, आणि बांधाच्या टोकाला मासेमारांची पत्र्याची शेड. शेडमध्ये जाळ्यांचा ढीग होता, माणूस नव्हतं. अमेयनं दुर्बीण त्यांच्या गळ्यात अडकवली.

"दिसलं काही?"

"अंधार दिसायलाय."

"झाकण काढा, अप्पा."

झाकण निघालं. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग नुसता पाऊस, मग एकदम, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ, एक कमळाचं पान. त्यावर पाण्याचा एक थेंब पाऱ्यासारखा गडगडत होता. एकनाथराव त्या थेंबाकडंच बघत राहिले. मग थेंबाशेजारी एक पाय आला. पाय कसला, नुसती बोटं. कोळ्याच्या पायांसारखी लांबच लांब. त्या पायावर एक पाखरू उभं होतं. पांढरा चेहरा, मानेमागं सोन्याचा पट्टा, कॉफीसारखं अंग, आणि मागं कोयत्यासारखी वळलेली लांब शेपटी. ते पानावरून पानावर चालत होतं, आणि पान बुडत नव्हतं.

"आगं आई गं," एकनाथराव म्हणाले. "हे तर पाण्यावर चालायलंय."

"कमळपक्षी," अमेय कुजबुजला. "फक्त पावसाळ्यात एवढा नटतो. त्याच्या पायाशी बघा."

पायाशी कापसाची बोंडं पळत होती. पिल्लं. बोंडाएवढं अंग आणि त्याला काड्यांसारखे पाय.

"आई लई जपायलीय पोरांना."

"आई नाही, बाप आहे तो."

"काय सांगता!"

"ह्यांच्यात आई अंडी घालते आणि तळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा संसार मांडायला जाते. अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची, सगळं बापाकडं."

एकनाथरावांनी दुर्बीण खाली घेतली. "हे बेगम बाजारात सांगू नका. बायका ऐकतील."

अमेय हसला, आणि त्याच वेळी आभाळ फुटल्यासारखी सर आली. दोघं धावत शेडमध्ये शिरले. पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला की कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येईना. एकनाथरावांनी ओल्या बाहीनं दुर्बिणीची काच पुसली, ती अजूनच धूसर झाली, अमेयनं रुमालानं नीट पुसून दिली. त्यांनी पुन्हा डोळ्याला लावली. पिल्लांचं काय झालं, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

कमळपक्षी एका पानावर बसला होता. पंख थोडे उचललेले. आणि पिल्लं धावत येऊन एकेक त्या पंखांखाली शिरत होती. शेवटचं जरा घुटमळलं, पाण्यात डोकावलं, मग तेही शिरलं. पंख मिटले. आता पानावर एकच पाखरू होतं, पण त्याच्या पोटाखालून कितीतरी पाय लोंबत होते.

"बापाला किती पाय आहेत हो!" एकनाथराव म्हणाले, आणि त्यांना एकदम हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भागू लहान असताना पावसात दुकानातून घरी येताना त्यांच्या धोतराच्या घोळात शिरून चालायची. चादरघाटच्या पुलावर लोक बघून हसायचे. दोन पायांचा माणूस, आणि खाली चार पाय. पाऊस पत्र्यावर ताल धरून होता, आणि त्या तालावर एकनाथरावांच्या तोंडून काहीतरी बाहेर पडलं:

पावसाची आली सर, तळं सारं शहारलं
बापाच्या पंखाखाली, पिल्लू नाही गारठलं

"काय म्हणालात?" अमेयनं जवळ येऊन विचारलं.

"काही न्हाई. आमची आई म्हणायची तसलं."

"आजींची ओवी?"

"न्हाई..." एकनाथराव ओशाळले. "आताच आली की."

त्यांनी डबा उघडला. अनारसे दमट हवेनं मऊ पडले होते, पण खसखस अजून दाताखाली बारीक वाजत होती. थर्मासच्या झाकणात चहा, हातात अनारसा, समोर पाऊस. सासरा-जावई जाळ्यांच्या ढिगावर शेजारी बसले. मग अमेय म्हणाला,

"अप्पा, उद्या कंपनीला उत्तर द्यायचंय."

"हौ. भागूनं सांगितलंय."

"तुमच्या मनात काय आहे ते मला कळत नाही. म्हणून ही सकाळ मागितली. घरात तुम्ही नुसतं हसता आणि वाढता."

एकनाथराव नुसतेच हसले आणि त्यांनी डबा पुढं केला. मग स्वतःचंच लक्ष गेलं आणि डबा मागं घेतला.

"तुम्ही पेढे वाटलेत," अमेय सांगत होता, "म्हणून आम्हाला वाटलं तुमची खुशी आहे. भाग्या तर म्हणते, अप्पांना माझ्या जाण्याचा इतका आनंद झालाय, आता मी नाही म्हटलं तर त्यांची बाजारात मान खाली जाईल."

अनारसा हातातच राहिला.

"तिला... जायचं न्हाई?"

"नाही. तिचं हॉस्पिटलमधलं फिजिओथेरपीचं काम इथं आत्ता कुठं रुळलंय. मला विचाराल तर अर्धं जायचंय, अर्धं नाही. तिकडची जंगलं बघायचीत. पण ती रोज गप्प गप्प होत चालली आहे, आणि तुम्ही पेढे वाटताय. मी कुणाचं ऐकू?"

म्हणजे महिनाभर लेक गप्प होती ती बापापायी, आणि बाप हसत होता तो लेकीपायी. एकनाथरावांनी तळ्याकडं बघितलं. पाखरू तसंच बसलं होतं, पाठीवरून पाणी ओघळत होतं.

"काल तुम्ही म्हणालात, मनात असेल ते मागा," अमेय म्हणाला. "आज तुम्ही मागा."

"जावयाकडं मागायचं नसतंय, बापू."

"असं कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनीच सांगितलंय की."

"मला नाही सांगितलं कुणी. पुण्यात माझे बाबा तर आईच्या वडिलांशी दर रविवारी भांडायचे. क्रिकेटवरून, राजकारणावरून. दोघांची तब्येत ठणठणीत होती."

एकनाथरावांनी खाली जाळ्याकडं बघत ओठ हलवले. सबंध जन्मात जो शब्द ओठाबाहेर आला नव्हता तो आज आला, पण पुटपुटत. पत्र्यावरचा पाऊस तो गिळून बसला.

"काय?" अमेयनं कानाला हात लावला. "ऐकू नाही आलं!"

पुन्हा म्हणाले. पुन्हा पाऊस मध्ये आला.

"जरा मोठ्यानं, अप्पा!"

आता मात्र एकनाथराव उठून उभे राहिले, आणि बाजारात चार दुकानांपलीकडच्या हमालाला हाक मारायच्या आवाजात ओरडले, "नका जाऊ! मला नको वाटायलंय! तुमाला मनापासून जायचं असंल तर जावा, मी अडवणार न्हाई. पण आमच्या आनंदासाठी म्हणून जाऊ नका. आमाला त्यात काडीचा आनंद न्हाई!"

शिंदीच्या झाडावरचे दोन बगळे उडाले.

"पक्षी उडवलेत तुम्ही," अमेय म्हणाला. त्याचा चेहरा मात्र धुतल्यासारखा झाला होता. त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि सासऱ्याच्या हातात दिला. "आता हेच तिला सांगा. मी सांगणार नाही."

"हॅलो? काय झालं? पडलात का?" भाग्याचा आवाज.

"न्हाई गं! भागू, ऐक. मला पेढे वाटायचे नव्हते!"

 

"मग वाटलेत कशाला, अप्पा?"

"रीत म्हणून."

"रीत म्हणून! आणि मी इथं महिनाभर..." तिचा आवाज अडखळला, मग त्यातूनच हसू आलं, ओलं आणि तुटक. "अप्पा, तुम्ही ना..." आणि मागून सुशीलाबाईंचा खणखणीत आवाज आला, "म्हणावं, आता दुकानोदुकान जावा आणि पेढे परत मागून आणा!"

सर ओसरली. ढगांच्या फटीतून पिवळट उजेड तळ्यावर सांडला. कमळपक्ष्यानं पंख उचलले आणि पिल्लं पुन्हा पानांवर पसरली. एकनाथरावांनी बोटानं मोजून बघितली; सगळी होती.

"इथूनच काम करतो म्हणून सांगेन कंपनीला," बांधावरून परतताना अमेय म्हणाला.

"आणि न्हाई म्हणाले तर?"

"तर नाही. अर्धंच जायचं होतं मला. तेवढं अर्धं कधीतरी रजा काढून बघून येऊ. सगळेच जाऊ, तुम्ही आणि आईसुद्धा."

"मला झाकण काढायचं तेवढं आठवण करा."

गाडी परत फिरली. देवळाचा फाटा जवळ आला तसे एकनाथराव सीटवर चुळबुळ करायला लागले.

"देव थांबतो म्हणाला होतात ना? थांबवा गाडी."

मग त्यांनी मंगळवारची सगळी हकिगत सांगितली. हळदीचं खोटं, अकरा प्रदक्षिणा, उलटा नवस. अमेयनं गाडी कडेला घेतली, कारण हसता हसता त्याला पुढचं दिसेना. हसू आवरल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आता एकशे आठ?"

"घातल्याच पाहिजेत. देवाशी व्यवहार आहे."

पुन्हा पाऊस भुरभुरायला लागला होता. ओल्या फरशीवर पासपोर्टवाली पोरंपोरी भराभरा चालत होती, आणि त्यांच्यामध्ये गुडघ्याखाली येणारा हिरवा रेनकोट घालून एकनाथराव, मागं जावई. गळ्यात दुर्बीण तशीच राहिली होती. कितीतरी फेऱ्या झाल्यावर एक तेलुगू पोरगा त्यांच्या बरोबरीनं आला. म्हाताऱ्या माणसाला इतक्या फेऱ्या मारताना बघून त्याला कौतुक वाटलं असावं.

"अंकल, वीसा आ गया क्या?"

"आ गया, बेटा," एकनाथराव दम खात म्हणाले.

"मुबारक! कौनसा कंट्री?"

एकनाथराव चालता चालता हसले. "मलकपेट."

पोरगा क्षणभर थांबला, मग मान डोलवून पुढं गेला, जणू त्या नावाचाही एखादा देश असेल. मागून अमेयनं हाक मारली, "अप्पा, कितवी झाली? मी विसरलो."

"देव मोजायलाय," एकनाथराव म्हणाले. "तुम्ही चला."